रेडिएटर नसलेली गाडी तापत कशी नव्हती?

प्रश्न : आमच्या लहानपणी खंडाळ्याच्या घाटात फियाट, अ‍ॅम्बॅसडर हमखास तापायच्या. बॉनेट उघडून पाणी ओतणारी मंडळी वळणावळणावर दिसायची. फोक्सवॅगनच्या जुन्या ‘बीटल’ला रेडिएटरच नव्हता म्हणतात. मग ती तापणार नाही याची खात्री बनवणाऱ्यांनी कशी करून घेतली? आणि गरम पाणीच नाही, तर हीटर कशावर चालायचा? – एक वाचक, लोणावळा

उत्तर : खात्री रस्त्यावरच करून घेतली, आणि फार कसून. १९३४ साली अभियंते फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे हे काम आले, तेव्हाच्या अटींत या दोन होत्या : ताशी १०० किलोमीटरचा वेग सलग टिकला पाहिजे आणि इंजिन हवेने थंड होणारे हवे. ज्यांच्यासाठी ही गाडी होती, त्यांच्याकडे गॅरेज नव्हते. रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीतले पाणी जर्मनीच्या थंडीत गोठले, तर इंजिनालाच तडा जातो.

१९३६च्या अखेरीस तीन नमुना गाड्या प्रत्येकी सुमारे ५०,००० किलोमीटर पळवल्या. कधी ब्लॅक फॉरेस्टचे डोंगरी रस्ते, कधी ऑटोबान, म्हणजे जर्मनीचे द्रुतगती महामार्ग. तुम्हाला वाटेल, खरी कसोटी घाटात लागत असणार. तसे नाही. बीटलचा पंखा डायनॅमोच्या शाफ्टवर बसलेला आणि पट्ट्याने इंजिनाला जोडलेला. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन भरभर फिरते, तसा पंखाही. गाडी हळू चालली तरी वारा कमी पडत नाही. दम निघतो तो ऑटोबानवर, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तासन्‌तास पळताना. या चाचण्यांत क्रँकशाफ्ट मोडले, म्हणून पुढे ते ओतीव न ठेवता घडीव केले. १९३७ साली आणखी ३० गाड्या बनल्या. एसएस या नाझी दलाच्या सैनिकांनी त्या मिळून सुमारे २४ लाख किलोमीटर चालवल्या. पण हा हिटलरच्या राजवटीचा प्रचारप्रकल्प होता. या गाडीसाठी बचतीचे हप्ते भरणाऱ्या लाखो जर्मनांपैकी एकालाही त्या राजवटीत गाडी मिळाली नाही. हे नजरेआड करून नुसत्या चाचण्यांचे कौतुक मला करवत नाही.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी नसल्याने तापमान मोजायचे ते तेलाचे आणि सिलिंडर हेडचे. हेडसाठी स्पार्क प्लगच्या बुडाशी थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार बसवतात. गाडीमालकाला मात्र तापमानाचा काटा दिलाच नाही. त्याच्यासमोर डायनॅमोचा लाल दिवा होता. चालत्या गाडीत तो लागला, की पट्टा तुटला असे समजून तिथल्या तिथे थांबायचे, कारण पट्ट्याबरोबर पंखाही बंद पडलेला असतो.

हीटरची गोष्ट मात्र कच्ची राहिली. सिलिंडरवरून आलेली, एक्झॉस्टपाशी तापलेली हवाच दारांखालच्या पोकळ कडांतून आत सोडत. इंजिन जोरात असेल तर ऊब बरी मिळे. गर्दीत रखडलात की पाय गारठत. शिवाय इंजिनाला तेलाची गळती असली की त्याचा वास आत येई. १९६२च्या अखेरीस रचना बदलली. पंख्याची ताजी हवा वेगळ्या वाटेने, एक्झॉस्टभोवतीच्या डब्यांतून तापवून आत येऊ लागली. थंडाव्याला जितके कष्ट दिले, त्याच्या निम्मे जरी उबेला दिले असते, तरी या बदलाला इतकी वर्षे लागली नसती, असे माझे मत आहे.

तुमच्या ओळखीत कुणाकडे जुनी बीटल असेल तर त्यांना एक जरूर सांगा. हे डबे आतून गंजून एक्झॉस्टला भोक पडले, तर हीटरच्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो. त्यामुळे हिवाळ्यात महाबळेश्वरला निघण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन डबे तपासून घ्यावेत, आणि तोवर हीटर बंदच ठेवावा.