उद्देश एका वाक्यात सांग

मल्लेश्वरम, बेंगळुरू

चि. मनू हिस,


शिष्यवृत्तीचा तुझा अर्ज वाचला. यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड गावातच तपासता यावं म्हणून स्वस्त साधन बनवायचं, हा विचार उत्तम आहे. पण पहिल्या परिच्छेदात तो शोधावा लागतो. 'विथ अ व्ह्यू टू', 'इन ऑर्डर टू', 'फॉर द पर्पज ऑफ' ही तिन्ही एकाच वाक्यात आली आहेत, आणि शेवटी उरतं काय, तर 'क्रिएट अवेअरनेस'.

इंग्रजीत उद्देश सांगायला बहुतेक वेळा नुसता 'टू' पुरतो. आपल्या मनात 'शिकण्यासाठी' असतं, म्हणून तोंडातून 'आय केम टू बेंगळुरू फॉर लर्निंग' निघतं. तिथे 'टू लर्न' हवं. वस्तूचा उपयोग सांगताना मात्र 'फॉर' चालतो: 'अ किट फॉर टेस्टिंग वॉटर'. 'विथ अ व्ह्यू टू' वापरलंस, तर पुढे 'इम्प्रूव्ह' नव्हे, 'इम्प्रूव्हिंग' येतं. काही टाळायचं असेल तर 'सो ॲज नॉट टू'. करणारा एक आणि उपयोग दुसऱ्याला होणार असेल, तर 'सो दॅट'. तुझ्या कामाला हाच लागेल, कारण साधन तू बनवणार आणि पाणी गावकरी तपासणार. 'इन ऑर्डर टू' चूक नाही. लांबलचक वाक्यात उद्देश कुठून सुरू होतो हे कळावं, एवढ्यापुरता तो ठेव.

इस्रोने चांद्रयान-३ची उद्दिष्टं कशी लिहिली ते बघ. चंद्रावर सुरक्षित, अलगद उतरून दाखवणं. रोव्हर चालवून दाखवणं. तिथल्या तिथे वैज्ञानिक प्रयोग करणं. इंग्रजीत दोनदा 'टू डेमॉन्स्ट्रेट', एकदा 'टू कंडक्ट', बस्स. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी पहिलं उद्दिष्ट पुरं झालं, हे शाळकरी मुलालाही सांगता आलं. 'क्रिएट अवेअरनेस' पुरं झालं की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार?

इथल्याच पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये आपला पहिला उपग्रह, आर्यभट, तयार झाला. १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत रॉकेटवरून अवकाशात गेला. थोड्याच दिवसांत वीजपुरवठा बिघडला आणि उपग्रहावरचे वैज्ञानिक प्रयोग बंद पडले. तरी मोहीम वाया गेली असं कुणी म्हणत नाही, कारण मुख्य उद्देशच उपग्रह बांधायला आणि चालवायला शिकणं हा होता. प्रा. यू. आर. राव यांच्या चमूने तो साधला, आणि पुढचे उपग्रह त्याच अनुभवावर उभे राहिले. उद्देश आधीच नेमका ठरलेला असला की अपयशातूनही काय कमावलं ते सांगता येतं. तुझं पहिलं साधन बिघडलं तरी हेच तुझ्या कामी येईल.

म्हणून आधी मराठीत स्वतःला विचार: मी काय करणार, कुणासाठी, आणि ते झालं हे कशावरून कळणार? मग लिही: 'टू बिल्ड अ लो-कॉस्ट किट सो दॅट व्हिलेजर्स कॅन टेस्ट देअर ओन वॉटर फॉर फ्लोराइड.' परीक्षकाच्या हातात अर्जांचा गठ्ठा असतो. भारदस्त शब्दांमागे दडलेलं काम शोधत बसायला त्याला सवड नसते. तुझं काम मोलाचं आहे, ते पहिल्याच ओळीत दिसू दे. पहिला परिच्छेद नव्याने लिही आणि अर्ज पाठवण्याआधी मला दाखव.

तुझा,
मामा