पाण्याची पाळी : ऑक्सफर्ड कालव्यावरचे सहा दिवस

फलटणकडच्या माणसाला कालवा म्हटलं की नीरा उजवा कालवाच आठवतो. आवर्तन, पाटकरी, आणि रात्री-बेरात्री वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, मागं कंदील घेऊन दारं धरायला जाणं. कालव्यात बोट चालवायची आणि तीही सुट्टी म्हणून, हे कधी मनातही आलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात लेकीनं आणि जावयानं नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांब अरुंद बोट, भाड्यानं घेतली. आम्ही चौघं ऑक्सफर्डशायरमधल्या लोअर हेफर्डहून उत्तरेला निघालो: बॅनबरी, क्रॉप्रेडी, क्लेडन, फेनी कॉम्प्टन, वर्मलेटन, आणि त्याच वाटेनं परत. मोटारीनं एका बाजूला जेमतेम तासाभराचा रस्ता, पण आम्हाला जाऊन येऊन सहा दिवस लागले. कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे.

१. वेगाचा नाद सोडायचा. कालव्यावर ताशी ४ मैलांची, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटरची मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षात तेवढंही जात नाही. काठाला बांधलेल्या बोटी दिसल्या की आणखी हळू व्हायचं. त्यांत माणसं राहतात, चुलीवर त्यांचा चहा ठेवलेला असतो. आपण जोरात गेलो की पाणी ओढलं जातं, त्यांची बोट हिसकते आणि काठावर ठोकलेल्या खुंट्यासुद्धा उपटून येतात. काठानं एक पायवाट कालव्याला कधीच सोडत नाही. पूर्वी तिच्यावरून घोडे चालत आणि दोरानं बोट ओढत. एका पुलाखाली बोट थांबली तेव्हा मी कमानीच्या कडेवरून हात फिरवला. दोर घासून घासून तिथं खाचा पडल्या आहेत. माझं अंगठ्याजवळचं बोट एका खाचेत पूर्ण बसलं. किती घोडे, किती दोर आणि किती वर्षं लागली असतील!

२. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, उलटा चालतो. डावीकडं ढकलला की बोटीचं नाक उजवीकडं जातं. बोट आमच्यासारखी ५७ फुटांची असेल तर ते नाक वळायला वेळही लागतो. म्हणून वळण येण्याआधीच हात हलवायचा. पहिल्या दिवशी ह्यांनी दोनदा झुडपात बोट घातली, दुसऱ्या दिवसापासून हात बसला.

३. लॉकमधलं पाणी आपलं नसतं. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला विटा-दगडांचा अरुंद हौद. रुंदी जेमतेम सात फूट, त्यात पावणेसात फुटांची बोट. वर चढायचं तर बोट आत घेऊन खालचं दार लावायचं, मग विंडलास नावाच्या लोखंडी हँडलनं वरच्या बाजूची पॅडल उचलायची. पॅडल म्हणजे पाण्याची झडप. वरचं पाणी घुसळत आत येतं आणि बोट हळूहळू वर येते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की दाराच्या लांब दांडीला पाठ लावून रेटायचं. पातळी जुळेपर्यंत चार माणसं लागली तरी दार हलत नाही.

अशी एक खेप झाली की वरचं लाखभर लिटर पाणी खाली उतरतं. ते आपोआप पुन्हा वर चढत नाही. कालव्याच्या वरच्या भागाचं पाणी बॉडिंग्टन, क्लॅटरकोट अशा साठवण तलावांतून येतं आणि कोरड्या उन्हाळ्यात ते तलाव खाली जातात.

बॅनबरीच्या पुढं बोर्टन लॉकवर हौद भरलेला होता आणि आम्हाला वर जायचं होतं. जावई खालची पॅडल उचलून हौद रिकामा करायला निघाले. तेवढ्यात वरच्या बाजूनं येणाऱ्या बोटीवरच्या बाईंनी हात वर केला. पांढरे केस, अंगात जाड स्वेटर. काठावर येऊन त्यांनी शांतपणे समजावलं: भरलेल्या हौदातून आम्ही आधी उतरतो, मग रिकाम्या हौदात तुम्ही या, म्हणजे एका पाण्यात दोन बोटी जातील. तुम्ही आता रिकामा केलात तर हौदभर पाणी फुकट गेलं.

माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या वाफ्यात घ्यायचं नाही, हे आप्पा आयुष्यभर सांगत आले. म्हणून लॉक दिसला की आधी समोर नजर टाका. कुणी येत असेल आणि पाणी त्यांच्या बाजूचं असेल, तर पाळी त्यांची.

४. कालवा वळतो तेव्हा वैतागू नका. माथ्यावर वर्मलेटनजवळ तो इतका वळसे घेतो की एकच शेतघर आम्ही आधी उजवीकडं पाहिलं, मग समोर, आणि नंतर चक्क मागं. या कालव्याचं काम १७६९ मध्ये अभियंते जेम्स ब्रिंडली यांच्या आखणीनं सुरू झालं. टेकडी फोडण्यापेक्षा समपातळीची रेषा धरून जायचं, ही त्यांची रीत. १७७२ मध्ये ते वारले आणि कालवा ऑक्सफर्डला पोचला तो १७९० मध्ये. उतार ओळखून पाट काढणाऱ्या कुणाही शेतकऱ्याला ती रेषा आपलीशी वाटेल.

५. उतरताना उंबऱ्यापासून लांब राहा. लॉकच्या वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो. हौद भरलेला असताना तो पाण्याखाली जातो आणि दिसत नाही. काठावर फक्त पांढरी खूण असते. परतताना क्लेडनला लेक पॅडलवर होती. पाणी खाली जाऊ लागलं आणि मला दिसलं की बोटीची मागची बाजू त्या खुणेच्या मागं सरकली आहे. शेपूट उंबऱ्यावर अडकलं तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट बुडते. अशा बोटी बुडाल्याही आहेत. मी ओरडले, “पाणी बंद कर!” तिनं तत्काळ पॅडल उतरवली, ह्यांनी बोट दोन हात पुढं घेतली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पॅडलवरच्या माणसानं गप्पा मारायच्या नाहीत, त्याची नजर बोटीवर हवी.

६. पिण्याच्या पाण्याची टाकी रोज भरा, संडासाची टाकी वेळेवर रिकामी करा, आणि मोबाइल चार्ज करायचा तो इंजिन चालू असतानाच.

७. बॅनबरीला थांबा. खरेदी-केंद्राला लागून टूलींची जुनी गोदी आहे. लाकडी बोटी इथं दुरुस्त होत. लेखक टॉम रोल्ट यांनी १९३९ मध्ये आपली ‘क्रेसी’ ही बोट इथंच राहण्याजोगी करून घेतली आणि बायकोसह प्रवासाला निघाले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४४ मध्ये आलं. मालवाहतूक आटत होती, कालवे गाळानं भरत होते. ते वाचवण्यासाठी १९४६ मध्ये संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत रोल्ट होते. आज आपण सुट्टी घालवतो ती या माणसांच्या धडपडीमुळं. मला त्या गोदीत हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

८. लॉक सोडण्याआधी मागं वळून बघा. शेवटच्या संध्याकाळी हेफर्डच्या अलीकडं एका लॉकपाशी आलो, तेव्हा पाण्याचा बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. कुणीतरी आधी जाताना वरची एक पॅडल वीतभर उघडी ठेवली होती. खालचं दारही नीट मिटलं नव्हतं, फटीतून पाणी वाहून चाललं होतं. जावई म्हणाले, “आई, मी बघतो, तुम्ही बसा.” पण मी उतरले. विंडलास लावला, खिटी सोडवली आणि पॅडल पार खाली बसवली. काही क्षणांत आवाज थांबला. चारी फुटलेली दिसली की शेत कुणाचंही असो, आप्पा बांधावरून उतरून दोन ढेकळं लावायचे आणि पाय मारून माती दाबायचे, तेव्हा पाण्याचा आवाज असाच थांबायचा.