रायफल सगळ्यात शेवटी

माझं माहेर राधानगरी तालुक्यातलं. भाताच्या आणि उसाच्या राखणीला रात्री माळ्यावर बसणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत पीक कसं उलथून टाकतो तेही. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ रायफलीवर नेम धरायला शिकले. पुढे संसार टेक्सासात मांडला. तिथे शिकार, घराचं रक्षण आणि नेमबाजी या तिन्हींना चालेल अशी एकच सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यावी, असं आम्ही दोघांनी ठरवलं. ती हातात येण्याआधी इतक्या गोष्टींचा विचार करावा लागला की रायफल यादीत अगदी तळाला गेली. अमेरिकेत राहणारी आपली माणसं हल्ली हा विषय काढतात, म्हणून जे उमगलं ते लिहून काढते आहे.

१. रायफलीची पहिली निवड राज्याचा कायदाच करून टाकतो. टेक्सासात सहज मिळणारी रायफल न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला घरात ठेवता येणार नाही. तिथे दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिनही चालत नाही. इलिनॉय आणि वॉशिंग्टन या राज्यांनी अशा बहुतेक रायफलींची विक्री २०२३ मध्ये बंद केली. पेनसिल्व्हेनियात सेमी-ऑटोमॅटिक रायफल बाळगता येते, पण तिने हरणाची शिकार करता येत नाही. शिवाय आपल्या माणसांसाठी एक खास अडचण आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला शिकारीचा वैध परवाना किंवा तशीच एखादी सवलत नसेल, तर बंदूक नुसती हाताळणंसुद्धा केंद्रीय गुन्हा ठरू शकतो, आणि शस्त्राचा गुन्हा माणसाला देशाबाहेर काढू शकतो. मित्राच्या आग्रहाखातर रेंजवर दोन गोळ्या झाडून पाहण्याआधी हे ठाऊक हवं. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अट उरत नाही. मग दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी व्हायची, आणि त्या फॉर्मवरच्या प्रत्येक उत्तराला आपण कायद्याने बांधलेले असतो.

२. रायफल कुठे राहणार हे ठरल्याशिवाय कोणती घ्यायची हे ठरवू नये. आम्ही आधी भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी तिजोरी घेतली. मुलगा तेव्हा नववीत होता. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे, पण मला कायद्यापेक्षा एका आकड्याने जास्त हलवलं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे घरात शस्त्र आणताना चोराच्या आधी आपल्याच माणसांचा विचार करायला हवा. आपल्याकडे मनाचं दुखणं चार भिंतींत दाबून ठेवतात. म्हणून आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं की घरातल्या कुणाचाही काळ वाईट चालला असेल, तर रायफल काही दिवस घराबाहेर, कायद्याला धरून दुसऱ्याकडे ठेवायची. ९८८ हा मदतीचा नंबर मुलाच्या फोनमध्ये आम्ही त्याच्यासमोर बसून घातला. तो या विषयावर आमच्याशी जितकं मोकळेपणाने बोलला, तितकं एरवी कधी बोलला असता असं मला वाटत नाही.

३. तिन्ही कामांच्या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. नेमबाजीला जड नळी हवी, कारण ती लवकर तापत नाही आणि हातात स्थिर राहते. शिकारीला हलकी हवी, कारण ती दिवसभर खांद्यावर वागवायची असते. घरात आखूड हवी, कारण बोळात वळावं लागतं. आणि खास नोंदणी केल्याशिवाय सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल बाळगता येत नाही. शेतकऱ्याच्या घरात खुरपं, कोयता आणि कुऱ्हाड अशी तिन्ही असतात, ती याच कारणाने. तरीही एकच घ्यायची असेल तर एक काम मुख्य मानायचं आणि उरलेल्या दोन कामांत थोडी उणीव चालवून घ्यायची. आमच्या परिचितांच्या शेतावर रानडुकरांचा उच्छाद होता, म्हणून आमचं मुख्य काम ते ठरलं. हे ठरल्यावर दुकानातल्या निम्म्या रायफली आपोआप गळाल्या.

४. नेमबाजीसाठी सेमी-ऑटोमॅटिकची गरजच नसते. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात प्रत्येक गोळी हाताने, एकेक करून भरतात, आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटरचं. ती फेरी पाहताना ऊर भरून आला. दोन गोळ्यांमधल्या त्या थांबण्यातच श्वास, खांदा आणि मन पुन्हा जागेवर येतं. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत बहुधा गोळीमागचा वायूच यंत्रणा मागे ढकलतो, रिकामं टरफल बाहेर फेकतो आणि पुढची गोळी नळीत बसते. चाप एकदा दाबला की एक गोळी, पण पुढची तयारच. या सोयीमुळे थांबायची सवय सुटते. म्हणून रेंजवर मी आजही मॅगझिनमध्ये एकच गोळी भरते, ती झाडते, लक्ष्याकडे पाहते आणि मगच दुसरी भरते.

५. रायफल आवडण्याआधी काडतूस पटलं पाहिजे. .३०८ ची गोळी .२२३ च्या साधारण दुप्पट ऊर्जा घेऊन निघते. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसणाऱ्या एसएलआरचं ७.६२ मिलिमीटरचं काडतूस याच .३०८ च्या घराण्यातलं. मोठ्या जनावराला ते उत्तम, पण त्याचा धक्का मोठा आणि दामही जास्त, त्यामुळे सराव कमी होतो. .२२३ चा धक्का सौम्य. टेक्सासात तिने हरीण मारायला परवानगी आहे. व्हर्जिनियात मात्र हरणासाठी .२३ पेक्षा लहान गोळी चालत नाही, आणि कोलोराडोत मोठ्या शिकारीला किमान .२४ लागते. आणखी एक बाब दुकानदाराला आवर्जून विचारावी. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं दिसायला जुळी असतात, पण ५.५६ चा दाब जास्त असतो. ५.५६ साठी बनवलेल्या नळीत दोन्ही चालतात, फक्त .२२३ साठी बनवलेल्या नळीत ५.५६ घालू नये. कोणतं काडतूस चालतं हे नळीवर कोरलेलं असतं. ते बारीक अक्षर कितीतरी अनुभवी माणसंही वाचत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

६. उत्तम रायफलही अंगाला बसली नाही तर परकी राहते. माझी उंची बेताची. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर माझ्या हाताला जास्त झालं, की मान ताणली जाते, डोळा दुर्बिणीपासून दूर राहतो आणि धक्का खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर बसतो. रेंजवरचे शिक्षक निवृत्त सैनिक होते. त्यांनी मला आपली एम-१ गरँड हातात घेऊ दिली. अमेरिकी सैन्याने १९३६ साली स्वीकारलेली ही रायफल चार किलोंहून जड आहे. तिचा इतिहास मोठा, पण माझ्या खांद्याला ती पेलेना. दस्ता मागे-पुढे सरकवता येणारी एआर-१५ हाती आली तेव्हा एकच रायफल मला आणि माझ्या सहा फुटी नवऱ्यालाही बसेल हे कळलं. घरात दोघं वापरणार असतील, तर दोघांनीही ती खांद्याला लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

७. शिकारीत तयार असलेल्या दुसऱ्या गोळीपेक्षा न झाडलेली गोळी जास्त शिकवते. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात पुन्हा पुन्हा एकच सांगतात: लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहा. डुकराच्या मागे टेकाड असेल तर गोळी मातीत जाते. मागे आभाळ असेल तर ती कुठे जाईल सांगता येत नाही. मोकळ्या माळावर समोर कळप उभा असतानाही चापावरून बोट काढून घेणं, हे मला नेम साधण्याहून अवघड गेलं. डुकरं कळपाने येतात, त्यामुळे तिथे सेमी-ऑटोमॅटिकचा खरा उपयोग होतो. टेक्सासात शेतमालकाची संमती असेल तर खासगी जमिनीवर त्यांच्या शिकारीला २०१९ पासून परवानाही लागत नाही. पण जीव घ्यायचाच तर तो पहिल्याच गोळीत आणि यातना न देता जावा, ही जबाबदारी कुठल्याही सवलतीने कमी होत नाही. हरणाला तर एकच गोळी मिळते असं धरून चालावं. आणि डुक्कर सोलताना हातमोजे घालायलाच हवेत. त्यातून ब्रुसेलोसिस हा रोग माणसाला होऊ शकतो.

८. घराच्या रक्षणात रायफलीचा नंबर फार मागे आहे. इथली घरं लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती जिप्समच्या. रायफलीची गोळी त्यातून पार होऊन पलीकडच्या खोलीत जाऊ शकते, आणि पलीकडे मुलगा झोपलेला असतो. बंद खोलीत सुमारे १६० डेसिबलचा तो आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. आम्ही आधी दारांची कुलुपं बदलली, अंगणात दिवे लावले आणि रात्री काही झालं तर तिघांनी कोणत्या खोलीत जमायचं, ९११ ला कुणी फोन लावायचा हे ठरवलं. या तयारीने मला जी शांत झोप दिली, ती तिजोरीतल्या रायफलीने दिलेली नाही.

९. मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं होत नाही. एक गोळी नळीत राहिलेली असू शकते. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढून तो तसाच अडकवायचा, मग डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. क्रम उलटा झाला तर बोल्ट मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत आणून बसवतो. खंडेनवमीला आम्ही रायफल पूजेला काढतो, तेव्हा हळदकुंकू लावण्याआधी हे सगळं मुलगा स्वतः करतो आणि मोठ्याने सांगतो. शस्त्राची पूजा म्हणजे त्याच्या ताकदीची जाण ठेवणं, हे इतक्या स्पष्टपणे मला माहेरी असताना जाणवलं नव्हतं.

१०. ही वस्तू घेताना समाजाचं दुःखही सोबत घ्यावं लागतं. २४ मे २०२२ रोजी टेक्सासातल्याच युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा होता, आणि त्याने एआर पद्धतीची रायफल कायदेशीरपणे विकत घेतली होती. आमच्या तिजोरीत आहे ती त्याच जातीची. हे मी विसरू शकत नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. म्हणून खरेदीच्या वाटेवरच्या तपासण्या, वयाच्या अटी आणि थांबवून ठेवणारे नियम यांना मी अडथळा मानत नाही. ज्याचा हेतू सरळ आहे, त्याचं चार दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

आता माझं मत. एकाच रायफलीत तिन्ही कामं बसवायची असतील आणि राज्याचा कायदा परवानगी देत असेल, तर ५.५६ ची नळी आणि सरकता दस्ता असलेली साधी सेमी-ऑटोमॅटिक पुरते. हरणासाठी मात्र मला बोल्ट-ॲक्शनची .२४३ अधिक योग्य वाटते, आणि शिकायला .२२ हून चांगलं काही नाही. तुमचं राज्य, तुमचं घर आणि तुमची माणसं वेगळी असतील, तर तुमचं उत्तरही वेगळं येईल. फक्त क्रम हाच ठेवा: आधी कायदा, मग कुलूप, मग काम, मग काडतूस आणि सगळ्यात शेवटी रायफल. यातली एकही पायरी गाळावीशी वाटली, तर खरेदी पुढे ढकला.