प्लीहा काढल्यावर प्रतिकारशक्तीचे काय?

प्रश्न : अपघातात प्लीहा काढावी लागली, तर रोगप्रतिकारशक्ती संपते का?

उत्तर : संपत नाही, पण एका ठरावीक बाजूने उघडी पडते. प्लीहा डाव्या बरगड्यांखाली असते. प्रौढांत तिचे वजन साधारण १५० ग्रॅम. लसीकाग्रंथी ऊतींमधून आलेली लसीका गाळतात, प्लीहा मात्र थेट रक्त गाळते. तिच्यातील भक्षक पेशी झिजलेल्या तांबड्या पेशी आणि जंतू गिळतात. न्यूमोकॉकससारख्या जीवाणूंभोवती शर्करेचे निसरडे कवच असते; प्रतिपिंडे चिकटल्याखेरीज ते सहजी गिळले जात नाहीत. ही प्रतिपिंडे बनवण्यात आणि असे जंतू रक्तातून वेचण्यात प्लीहेचा वाटा मोठा. ती नसेल तर साधा वाटणारा ताप काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. अशा तापाला ‘उद्या बघू’ म्हणणे धोक्याचेच. मलेरियाही अधिक तीव्र होऊ शकतो. बाकीची कामे यकृत, अस्थिमज्जा आणि लसीकाग्रंथी बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

ही उघडी पडलेली बाजू झाकण्यासाठी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी यांच्या लसी घ्याव्या लागतात. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल, जसे थॅलसेमियात, तर त्या शक्यतो किमान २ आठवडे आधी. लहान मुलांना धोका अधिक, म्हणून त्यांना पेनिसिलिनही बरेचदा काही वर्षे दिले जाते.