सर्पदंशाची लस: मोठ्यांना 10 व्हायल, लहानांनाही 10

सुरगाणा तालुक्यात भाताची आवणी सुरू झाली की सर्पदंशाचा धोका वाढतो. शेतात घोणस, तर रात्री जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार. ग्रामीण रुग्णालयात ड्युटी करणाऱ्या नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली लस देण्याची ही कृती जमलीच पाहिजे, आणि तिच्यामागचं कारणही कळलं पाहिजे.

साहित्य: सर्पदंशाच्या लसीच्या (एएसव्ही) 10 व्हायल, निर्जंतुक पाणी, नॉर्मल सलाइन, अ‍ॅड्रेनालिन, 1 मिलीची सिरिंज, कोरडी नवी काचेची परीक्षानळी, ऑक्सिजन, अम्बू बॅग.

कृती

1. नळीत 2 मिली रक्त घ्या. 20 मिनिटं अजिबात हलवू नका, मग तिरकी करा. रक्त पातळच वाहिलं तर विष भिनलं आहे. प्लास्टिकची नळी चालत नाही. मण्यार-नागाच्या दंशात मात्र रक्त नेहमीसारखं गोठतं. तिथे पापण्या झुकल्यात का, गिळता येतं का, श्वास कसा चालतो ते पाहा.

2. लक्षणं नसतील तर लस नाही. 24 तास निरीक्षण.

3. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणून अ‍ॅड्रेनालिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवा: मोठ्यांना 0.5 मिग्रॅ, मुलांना किलोमागे 0.01 मिग्रॅ. 15 किलोच्या मुलाला 0.15 मिग्रॅ, म्हणजे 1:1000 द्रावणाचे 0.15 मिली.

4. प्रत्येक व्हायलमध्ये 10 मिली पाणी घालून हळूहळू गोल फिरवा. जोरात हलवलं तर फेस होतो.

5. सलाइनमध्ये मिसळून साधारण तासाभरात शिरेतून द्या. मुलांसाठी सलाइन किलोमागे 5 ते 10 मिली. व्हायल मात्र 10च. घोणस एका दंशात सरासरी 63 मिग्रॅ विष सोडते, 1 मिली लस त्यातलं 0.6 मिग्रॅ निकामी करते. 10 व्हायल म्हणजे 100 मिली, त्यात 60 मिग्रॅ. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

6. रुग्णाजवळच थांबा. अंगावर गांध्या, उलटी, धाप, बीपी उतरणं दिसताच लस थांबवा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनालिन द्या आणि डॉक्टरांना बोलवा.

7. रक्त गोठत नसेल तर लस दिल्यावर 6 तासांनी चाचणी पुन्हा करा. गोठण्याचे घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

8. श्वास मंदावला तर अम्बू बॅगने श्वास देत 108 रुग्णवाहिकेतून पुढे पाठवा. दंशाची वेळ, दिलेल्या व्हायल आणि चाचणीचा निकाल रेफरल चिठ्ठीवर लिहा.

मात्रा मोजण्याआधी औषध कशावर काम करतं ते ओळखा. लस विषावर काम करते, म्हणून ती विषाच्या हिशेबाने. अ‍ॅड्रेनालिन शरीरावर, म्हणून ते वजनाच्या.