काकडी निर्दोष ठरली!

अन्नातून विषबाधा झाली की आपण लगेच विचारतो, ‘काय खाल्ले होते?’ हा प्रश्न किती अवघड असतो, ते पाहू.

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत, विशेषतः हाम्बुर्गच्या परिसरात, रक्ताचे जुलाब होणारे रुग्ण एकाएकी वाढले. अनेकांच्या लाल रक्तपेशी फुटून मूत्रपिंडे निकामी झाली. हा विकार एरवी लहान मुलांत आढळतो. येथे मात्र बहुतेक रुग्ण प्रौढ होते, त्यांतही स्त्रिया अधिक. साथ ओसरेपर्यंत सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले.

संशय ई. कोलाय या जीवाणूवर होता. तो आपल्या आतड्यांत नेहमीच असतो व बहुधा निरुपद्रवी असतो; पण त्याचे काही प्रकार घातक विष तयार करतात. त्यांतील सर्वांत परिचित प्रकार सॉर्बिटॉल हा शर्करेसारखा पदार्थ आंबवत नाही. त्यामुळे सॉर्बिटॉलयुक्त पोषक माध्यमावर त्याच्या वसाहती रंगहीन दिसतात व चटकन ओळखू येतात. हा नवा जीवाणू मात्र सॉर्बिटॉल आंबवत होता! त्यामुळे निरुपद्रवी भाऊबंदांच्या घोळक्यात तो सहज लपून जाई.

मग ओळख पटवायची कशी? जीवाणूच्या पृष्ठभागावर ‘ओ’ आणि त्याच्या शेपटीसारख्या कशाभिकांवर ‘एच’ नावाचे प्रतिजन असतात. ठराविक प्रतिजनाला ठराविक प्रतिपिंडच चिकटतो आणि जीवाणूंच्या गुठळ्या होतात. अशा तपासण्यांतून नाव निघाले : ओ १०४ : एच ४.

दरम्यान २६ मे रोजी हाम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर बोट ठेवले. काकड्यांवर विषारी ई. कोलाय सापडला होता, हे खरे. पण ३१ मेपर्यंत कळले की तो रुग्णांतील प्रकार नव्हेच. मी पदार्थविज्ञान शिकवतो. वर्णपटातील एक रेषा जुळली म्हणून मूलद्रव्य सापडले, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण देत नाही. येथे त्या घाईपायी भाजीपाल्याची मागणी कोसळली आणि युरोपातील शेतकऱ्यांसाठी २१ कोटी युरोंचा मदतनिधी मंजूर करावा लागला.

खरा धागा सापडला तो उपाहारगृहांत. रुग्णांना टोमॅटो, काकडी, सॅलडची पाने आठवत होती. मोड आलेले धान्य चौघांतील एखाद्यालाच आठवले, कारण ते सॅलडवर चिमूटभरच घातलेले असते! म्हणून रॉबर्ट कॉख संस्थेच्या संशोधकांनी रुग्णांच्या आठवणींवर न विसंबता बिले व मेजवानीची छायाचित्रे तपासली आणि कोणत्या पदार्थात काय घातले होते, ते आचाऱ्यांनाच विचारले. आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या ताटात मोड होते. पुरवठ्याचा माग काढताना रुग्णांचे ४१ गट एकाच मळ्यापाशी येऊन पोहोचले.

जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याच जीवाणूने काही जण आजारी पडले. त्यांनी घरगुती मोड खाल्ले होते. दोन्ही ठिकाणी समान निघाले ते इजिप्तहून आलेले मेथीचे दाणे! मोड येण्यास लागणारी ऊब व ओल जीवाणूलाही मानवते. आपण मोडांची उसळ शिजवतो. तेथे ते कच्चेच खातात.

आणि गंमत म्हणजे, त्या मेथीच्या दाण्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत हा जीवाणू सापडलाच नाही. मेथीवरील आरोप सिद्ध झाला तो बिलांच्या व पुरवठ्याच्या नोंदींवरून.