जठररसातील दुसरा घटक

जेवल्यावर पोट जड झाले की आपण म्हणतो, "आम्लपित्त वाढले!" पण विद्यार्थिमित्रांनो, जठरातील आम्ल कमी पडूनही असे होऊ शकते. 'पर्निशस ॲनिमिया' या पांडुरोगात तसेच घडते.

बोस्टनच्या डॉ. विल्यम कॅसल यांनी अशा रोग्यांना रोज मांस दिले. रक्त सुधारले नाही. मग त्यांनी स्वतः मांस खाल्ले, तासाभराने ते जठरातून बाहेर काढले आणि रोग्यांना दिले. तांबड्या पेशी वाढू लागल्या! हे संशोधन १९२९ साली प्रसिद्ध झाले.

निरोगी जठररसात आम्लाशिवाय 'अंतर्घटक' नावाचे प्रथिन असते. ते ब-१२ जीवनसत्त्वाला जोडले गेले, तरच आतड्यात त्याचे नीट शोषण होते. आम्ल आणि अंतर्घटक एकाच प्रकारच्या पेशी तयार करतात. या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या पेशी नष्ट करते. म्हणून दोन्ही आटतात.

तेव्हा केवळ आम्ल देऊन भागत नाही. ब-१२ सहसा इंजेक्शनाने, तेही जन्मभर, घ्यावे लागते. थोडेथोडे खाल्ल्याने पोटाला आराम पडेल, पण मज्जातंतूंची हानी थांबणार नाही. अपचनासोबत थकवा, जिभेची आग, हातापायांना मुंग्या असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे.